मॅट्रिकचा दरवाजा आणि हातांचे काम : एका जुन्या पेचाचा इतिहास

१/
दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या घराघरांत एक प्रश्न निघतो : अकरावीला प्रवेश घ्यायचा, की आयटीआयला? विचारणाऱ्याच्या स्वरातच बहुधा उत्तर असते. गुण चांगले असतील तर अकरावी, नसतील तर आयटीआय. हातांचे काम शिकणे ही कमी गुणांची भरपाई होय, हे समीकरण आपण इतक्या सहजपणे स्वीकारले आहे की त्याला काही इतिहास असेल असे वाटतही नाही.

तो इतिहास आहे, आणि सुमारे १४० वर्षांचा आहे. आजचा धागा त्याविषयी. लांब आहे, सवडीने वाचा.

२/
सुरुवात १८५४ पासून करू. त्या वर्षी जुलैमध्ये कंपनी सरकारच्या बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष सर चार्ल्स वुड यांच्या नावाने ओळखला जाणारा खलिता हिंदुस्थानात आला. आपल्याकडील आधुनिक शिक्षणव्यवस्थेचा आराखडा बऱ्याच अंशी याच खलित्यात सापडतो. प्रत्येक इलाख्यात शिक्षण खाते, खासगी शाळांना अनुदान, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि लंडनच्या धर्तीवर विद्यापीठे, अशी त्याची रचना होती.

सर्वसामान्य माणसाला त्याच्या जीवनात उपयोगी पडेल असे व्यवहारी ज्ञान मिळावे, हा हेतूही त्या खलित्यात स्पष्टपणे नोंदलेला आहे. परंतु खलित्यातील सर्व कलमांचे भाग्य सारखे नव्हते.

३/
सर्वांत ठळकपणे अमलात आले ते विद्यापीठांचे कलम. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. ही विद्यापीठे प्रारंभी शिकवीत नसत, परीक्षा घेत असत. त्यांच्या दारावरची पहिली परीक्षा म्हणजे मॅट्रिक, अर्थात प्रवेशपरीक्षा. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली. महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी एक.

कागदोपत्री ही परीक्षा महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी होती. प्रत्यक्षात मात्र लवकरच तिला दुसरा अर्थ आला. मॅट्रिक झालेला मुलगा म्हणजे कचेरीतल्या नोकरीला लायक मुलगा, असे मानले जाऊ लागले.

४/
याचा परिणाम माध्यमिक शाळांवर झाला. शाळा काय शिकवणार हे विद्यापीठ ठरवू लागले, कारण शाळेची प्रतिष्ठा तिच्या मॅट्रिकच्या निकालावर मोजली जाई. इंग्रजीवर भर, पाठांतरावर भर आणि जे परीक्षेत विचारले जाणार नाही त्याकडे दुर्लक्ष, हे चित्र तेव्हाचे आहे. ते आजचेही वाटत असेल तर नवल नाही.

या शाळांत सुतारकाम, शेती, हिशेबनिशी, यंत्रे यांना जागा नव्हती. शाळेत आलेली बहुसंख्य मुले महाविद्यालयापर्यंत पोहोचणार नव्हती, तरीही प्रत्येकाला महाविद्यालयाच्या तयारीचाच अभ्यास करावा लागत होता.

५/
हा विरोधाभास सरकारच्याही लक्षात आला. फेब्रुवारी १८८२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी पहिला भारतीय शिक्षण आयोग नेमला. अध्यक्ष होते विल्यम विल्सन हंटर, म्हणून तो हंटर आयोग या नावाने परिचित आहे. मुंबईचे काशिनाथ त्र्यंबक तेलंग या आयोगाचे सदस्य होते. आयोगाने प्रांतोप्रांती साक्षी आणि निवेदने घेतली.

माध्यमिक शिक्षणाविषयी आयोगाने केलेली एक शिफारस या धाग्याचा कणा आहे. हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन शाखा असाव्यात, असे आयोगाने सुचवले. एक शाखा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारी, दुसरी व्यापार व अन्य व्यवहारी क्षेत्रांसाठी मुलांना तयार करणारी. पुढे त्यांना ‘अ’ अभ्यासक्रम आणि ‘ब’ अभ्यासक्रम असे म्हटले जाऊ लागले.

६/
ही शिफारस वरवरची नव्हती. दुसऱ्या शाखेला बाजारात किंमत यावी म्हणून आयोगाने आणखी एक गोष्ट सुचवली होती. दोहोंपैकी कोणतीही शाखा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र सरकारी नोकरीसाठी पुरेसे मानावे, अशी ती सूचना होती.

नवा रस्ता आखायचा असेल तर त्याच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी असावे लागते, हे आयोगाला कळले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढची १०० वर्षे ती पुन्हा पुन्हा विसरली जाणार आहे.

७/
याच आयोगापुढे पुण्याहून एक निवेदन आले. त्यावरील तारीख १९ ऑक्टोबर १८८२, आणि खाली सही करणाऱ्याने स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा सदस्य अशी दिली होती. ते होते जोतीराव गोविंदराव फुले.

जोतीरावांच्या निवेदनातील प्राथमिक शिक्षणाचा भाग सर्वपरिचित आहे. १२ वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, रयतेच्या करातून गोळा होणारा पैसा रयतेच्या मुलांवर खर्च करा, या त्यांच्या मागण्या पाठ्यपुस्तकांत येतात. गावच्या शाळेला शेतीचे धडे जोडावेत आणि शक्य तेथे लहानसे नमुना शेत असावे, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष काम शिकता येईल, असेही त्यांनी लिहिले होते.

८/
त्यांनी उच्च शिक्षणाविषयी जे लिहिले, त्याची चर्चा मात्र कमी होते. त्याचा आशय असा : मॅट्रिकच्या परीक्षेने शिक्षक आणि विद्यार्थी यांचे लक्ष अवास्तव गुंतवून ठेवले आहे. तिच्या अभ्यासक्रमात व्यवहारी अंश नाही, त्यामुळे स्वतंत्रपणे पोट भरण्याची तयारी मुलात होत नाही.

इथपर्यंत ते हंटर आयोगाशी सहमत दिसतात. परंतु पुढच्याच वाक्यांत ते वेगळी दिशा धरतात. मॅट्रिकला बसणाऱ्यांची संख्या सरकारी नोकऱ्यांच्या मानाने मोठी दिसते, देशातल्या ज्ञानप्रसाराच्या मानाने ती मुळीच मोठी नाही. शिक्षण सर्वांच्या आवाक्यात असते तर ती याहून मोठी झाली असती, आणि ती तशी व्हावी, असे ते म्हणतात.

९/
हे दोन विचार एकाच परिच्छेदात आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अभ्यासक्रमात हातांचे काम हवे, असे जोतीराव म्हणतात. त्याच दमात, मॅट्रिकचा दरवाजा सर्वांना उघडा हवा, असेही म्हणतात.

त्यांना यांत विसंगती दिसत नव्हती. कारण शेतकऱ्याच्या मुलाला शेतीच पुरे, असे म्हणणाऱ्यांचा हेतू त्यांना पुरेपूर ठाऊक होता. ज्या समाजात जन्मानेच माणसाचे काम ठरत आले, तेथे ‘तुझ्यासाठी वेगळा अभ्यासक्रम’ हे शब्द निरुपद्रवी राहत नाहीत. काम शिकवा, पण त्या निमित्ताने दार बंद करू नका, अशी त्यांची भूमिका निवेदनातून उभी राहते.

१०/
आता ‘ब’ अभ्यासक्रमाचे काय झाले ते पाहू. निरनिराळ्या प्रांतांत पर्यायी परीक्षा निघाल्या. मुंबई इलाख्यात ‘स्कूल फायनल’ सुरू झाली. पण २० वर्षांनंतरचा हिशेब बोलका आहे. १९०१-०२ मध्ये देशभरात मॅट्रिकला बसलेल्यांची संख्या सुमारे २३,००० होती. सर्व पर्यायी परीक्षांना मिळून जेमतेम २,००० जण बसले होते.

शाळांत दोन रस्ते आखले गेले होते. त्यांतल्या एका रस्त्यावरून दहातली नऊ मुले चालली होती.

११/
असे का झाले? सर्वांत सोपे उत्तर तेव्हाही दिले जाई आणि आजही दिले जाते : आपल्या लोकांना कष्टाची लाज वाटते, सगळ्यांना बाबूगिरी हवी. या उत्तरात तथ्याचा अंश आहे, पण ते पुरेसे नाही.

त्या काळच्या एखाद्या पालकाच्या जागी उभे राहून पाहा. मुलगा मॅट्रिक झाला तर त्याला कचेरी, वकिली, वैद्यक, शिक्षकी यांपैकी कोणतीही वाट पुढे मिळू शकते. ‘ब’ अभ्यासक्रम केला तर महाविद्यालय बंद, आणि ज्या कारखान्यात किंवा पेढीवर त्या कौशल्याला पगार मिळेल अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. अशा वेळी मॅट्रिक निवडणारा पालक व्यवहारशून्य म्हणता येणार नाही. तो चांगला हिशेबी होता.

१२/
शिवाय शाळांचीही अडचण होती. भूगोलाचा वर्ग फळा आणि नकाशा यांवर चालतो. कर्मशाळेला हत्यारे, कच्चा माल, जागा आणि स्वतः ते काम करू शकणारा शिक्षक लागतो. अनुदानावर कसेबसे चालणाऱ्या हायस्कूलला हा खर्च पेलणारा नव्हता.

खऱ्या अर्थाने तांत्रिक शिक्षण उभे राहिले ते माध्यमिक शाळांबाहेर. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय, स्थापन झाली. १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली बडोद्यात कलाभवन उभे राहिले. या संस्था मोठ्या होत्या, पण शाळेच्या वेळापत्रकातील पेच त्यांनी सुटला नाही. हात आणि डोके वेगवेगळ्या इमारतींत राहू लागले.

१३/
यानंतर ५० वर्षांनी हा प्रश्न अगदी वेगळ्या टोकाकडून मांडला गेला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळ गंगाधर खेर यांच्यासह अनेक प्रांतांचे शिक्षणमंत्री तेथे होते. परिषदेने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि ‘नयी तालीम’ची योजना आकारास आली.

गांधीजींनी दोन शाखांची कल्पनाच बाजूला ठेवली. एका बाजूला पुस्तक आणि दुसऱ्या बाजूला उद्योग, असे करू नका, सर्व मुलांना उद्योगाच्या द्वाराच सर्व विषय शिकवा, असे त्यांचे म्हणणे होते. सात वर्षांत इंग्रजी वगळून मॅट्रिकइतके ज्ञान आणि त्याशिवाय एक उद्योग, असे उद्दिष्ट त्यांनी ठेवले.

१४/
समितीचे वेळापत्रक पाहिले की योजनेची व्याप्ती ध्यानात येते. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यांत सूतकताईसारख्या मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे. मातृभाषेला ४० मिनिटे. संगीत, चित्रकला आणि गणित यांना मिळून ४० मिनिटे. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान यांना ३० मिनिटे.

तत्त्व उदात्त होते. परंतु ही योजना ज्या जगात राबवायची होती, त्या जगात इंग्रजी आणि मॅट्रिक यांचे मोल तसूभरही कमी झालेले नव्हते. शेजारच्या शहरातली इंग्रजी शाळा चालूच होती.

१५/
याचा परिणाम योजनेच्या पुढच्या टप्प्यातच दिसतो. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने खेर यांच्याच अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या. पाचवीनंतर, म्हणजे वयाच्या सुमारे अकराव्या वर्षी, मुलांना बुनियादी शाळेतून अन्य प्रकारच्या शाळांत जाण्याची मुभा असावी, अशी शिफारस तेथे झाली. व्यवहाराच्या दृष्टीने ही शिफारस अपरिहार्य होती. पण तिचा अर्थ असा की ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी आधीच बाहेर पडावे.

सेवाग्रामला ‘उत्तर बुनियादी’ म्हणजे माध्यमिक स्तरावरचा प्रयोगही झाला. तेथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे विद्यापीठांच्या मान्यतेचा प्रश्न उभा राहिला. वर्षानुवर्षे चांगले शिकूनही दाराशी ओळखपत्र चालत नाही, अशी त्यांची अवस्था होती.

१६/
याच काळात साताऱ्यात मात्र एक निराळा प्रयोग चालू होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे तिचे बोधवाक्य. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तेथे ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व होते. मुले शेतात राबत, विहिरी खणत, दगड फोडत आणि त्या श्रमावर शिकत.

येथे श्रमाची जागा पाहण्यासारखी आहे. भाऊरावांच्या मुलांनी मॅट्रिकऐवजी श्रम केले नाहीत, मॅट्रिकसाठी श्रम केले. १९४७ मध्ये संस्थेचे पहिले महाविद्यालय, छत्रपती शिवाजी कॉलेज, साताऱ्यातच उभे राहिले. खोऱ्या-कुदळीचा रस्ता त्यांनी थेट महाविद्यालयाच्या दारापर्यंत नेला. जोतीरावांनी एका परिच्छेदात लिहिलेल्या दोन गोष्टी येथे एकत्र आल्या होत्या, असे म्हणता येईल.

१७/
आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडल्या तर काय होते, त्याचे उदाहरण मद्रास राज्यात घडले. १९५३ मध्ये मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शिक्षणाची सुधारित योजना आणली. ग्रामीण शाळांत मुलांनी दिवसातून सुमारे तीन तास शिकावे आणि उरलेल्या वेळात घरी आईवडिलांचा धंदा शिकावा, अशी ती योजना होती. शाळा कमी, मुले जास्त, म्हणून दोन पाळ्या करणे हा तिचा एक हेतू होता.

विरोधकांनी तिला नाव दिले ‘कुलक्कल्वी’, म्हणजे कुळाचे शिक्षण. न्हाव्याच्या मुलाने न्हावीच व्हावे, परिटाच्या मुलाने परीट, असा तिचा अर्थ लावला गेला. पेरियार आणि द्रविड मुन्नेत्र कळघम यांनी रान पेटवले. एप्रिल १९५४ पर्यंत राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि कामराज सरकारने ती योजना मागे घेतली.

१८/
राजाजींची योजना प्राथमिक शाळांची होती, तरी ती या धाग्यात हवीच. हातांच्या कामाच्या शिक्षणाकडे दलित-बहुजन समाज संशयाने का पाहतो, हे तिच्यावाचून समजत नाही. ज्यांच्या आजोबांना चामडे कमावण्याखेरीज दुसरे काही करण्याची मुभा नव्हती, त्यांच्या नातवाला शाळेने पुन्हा चामडेकाम शिकवायचे ठरवले तर तो विचारणारच : हा अभ्यासक्रम सर्वांना आहे, की फक्त मला?

प्रश्न रास्त आहे. व्यवसाय शिक्षणाच्या प्रत्येक योजनेने या प्रश्नाचे उत्तर आधी द्यायला हवे होते.

१९/
स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शिक्षणासाठी पहिला मोठा आयोग सप्टेंबर १९५२ मध्ये नेमला गेला. अध्यक्ष मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार. त्यांनी १९५३ मध्ये बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली. एकाच छताखाली सात गट असावेत : मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान.

कल्पना अशी की निरनिराळ्या आवडीची मुले एकाच अंगणात वाढतील आणि एका गटाला दुसऱ्यापेक्षा कमी लेखले जाणार नाही. प्रत्यक्षात मुलाला कोवळ्या वयात गट निवडावा लागे आणि शेती किंवा तंत्र यांसाठी लागणारे शिक्षक व साधने तुटपुंजी होती. विज्ञानाचा वर्ग भरे, शेतीचा ओस पडे. छत एक झाले तरी दरवाजा एकच राहिला होता.

२०/
मग आला १९६४ ते १९६६ चा कोठारी आयोग. अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी, आणि सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. या आयोगाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पहिली, दहावीपर्यंत सर्वांना समान शिक्षण द्या, फाटे फोडू नका, आणि त्या समान शिक्षणात ‘कार्यानुभव’ ठेवा. दुसरी, दहावीनंतर व्यवसाय शिक्षणाचा मोठा विस्तार करा.

आयोगाचे लक्ष्य धाडसी होते. १९८६ पर्यंत माध्यमिकच्या खालच्या टप्प्यावरील २० टक्के आणि दहावीनंतरच्या टप्प्यावरील ५० टक्के विद्यार्थी व्यवसाय शिक्षणात असावेत, असे त्याने म्हटले.

२१/
१०+२+३ ही आकृती याच आयोगातून आली. महाराष्ट्रात नव्या पद्धतीची पहिली दहावी १९७५ मध्ये झाली. जुनी अकरावी मॅट्रिक गेली आणि मध्ये दोन वर्षांचा ‘+२’ हा टप्पा निर्माण झाला.

हा टप्पा व्यवसाय शिक्षणासाठी मोक्याचा मानला गेला होता. आपण त्याला काय नाव दिले? कनिष्ठ महाविद्यालय. रोजच्या बोलण्यात तर ‘ज्युनिअर कॉलेज’. नावातच कौल लागला होता. ही दोन वर्षे महाविद्यालयाचा जिना झाली.

२२/
१९८६ साल उजाडले तेव्हा कोठारींचे ५० टक्के कोठेच दिसत नव्हते. त्या वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने लक्ष्य खाली आणले : उच्च माध्यमिकचे १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत. १९९२ मध्ये या मुदती आणखी पाच-पाच वर्षांनी पुढे ढकलल्या गेल्या. १९८८ मध्ये केंद्रपुरस्कृत योजना सुरू झाली. महाराष्ट्रात ‘एमसीव्हीसी’, म्हणजे किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, याच धोरणाच्या छायेत वाढला.

या अभ्यासक्रमांतून अनेकांनी रोजगार मिळवला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पदवीकडे जाणाऱ्या वाटा मर्यादित होत्या, आणि ‘कुठेच प्रवेश मिळाला नाही म्हणून’ हा शिक्का त्यांच्यामागे लागला.

२३/
याच्या जोडीला महाराष्ट्रात आणखी एक गमतीदार उदाहरण आहे : द्विलक्षी अभ्यासक्रम. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने काही नेहमीच्या विषयांऐवजी २०० गुणांचा एक तांत्रिक विषय घ्यायचा, उदाहरणार्थ इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्र. नावाप्रमाणे लक्ष्ये दोन, नोकरी आणि पुढील शिक्षण. पदवीचे दार येथे उघडे होते.

मग विद्यार्थ्यांची पसंती लाभली. चांगले गुण मिळवू पाहणारे आणि अभियांत्रिकीला जाऊ इच्छिणारे विद्यार्थी याच विषयांकडे वळले. तंत्र तेच, विद्यार्थ्यांचे वय तेच, शहरे तीच. एका अभ्यासक्रमापुढे वाटा मर्यादित होत्या, दुसऱ्यापुढे दार उघडे होते, आणि प्रतिष्ठेचे माप त्यानुसार पडले.

२४/
येथे क्षणभर भारताबाहेर जाऊ, कारण हा पेच केवळ आपला नाही. १९६५ मध्ये फिलिप फॉस्टर या अभ्यासकाने घाना देशाच्या अनुभवावरून एक प्रसिद्ध लेख लिहिला. मुलांना शेतीचे आणि हस्तव्यवसायाचे शिक्षण दिले की ती त्याच व्यवसायांत जातील, हा नियोजनकारांचा समज भ्रामक आहे, असे त्याने मांडले.

मुलांच्या आकांक्षा अभ्यासक्रमाने ठरत नाहीत, असे त्याचे निरीक्षण होते. बाहेरच्या जगात कोणत्या कामाला पैसा, स्थैर्य आणि मान आहे, ते पाहून मुले आणि पालक निर्णय घेतात. समाजातली विषमता शाळेच्या वेळापत्रकाने दुरुस्त होत नाही. मुंबई इलाख्यातल्या ‘ब’ अभ्यासक्रमाचीही हीच कहाणी होती.

२५/
मग सर्व प्रयत्न व्यर्थच गेले काय? तसे म्हणता येणार नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा शालेय विषय आकाराला आला. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस काम करत शिकतात. त्यात वेल्डिंग, विजेची जोडणी, शेती, जनावरांची निगा, अन्नप्रक्रिया असे सर्व काही येते.

येथे वेगळी शाखा नाही. मुलगा त्याच शाळेत, त्याच वर्गात राहतो, तीच दहावी देतो. मुली वेल्डिंग करतात आणि मुलगे स्वयंपाकाचे काम करतात. हात वापरल्याबद्दल कोणालाही दंड म्हणून महाविद्यालय गमवावे लागत नाही.

२६/
२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही मान्य केले की मागील लक्ष्ये हुकली आहेत. १९ ते २४ वयोगटातील काम करणाऱ्यांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले ५ टक्क्यांहूनही कमी, हा बाराव्या पंचवार्षिक योजनेतील अंदाज त्यात दिला आहे. शैक्षणिक आणि व्यावसायिक शाखांमधील कठोर भिंत काढावी, आणि सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकावे, असे ते धोरण सांगते.

दिशा ओळखीची आहे. १८८२, १९३७, १९५३, १९६६, १९८६ आणि २०२० : भाषा बदलते, शिफारस फारशी बदलत नाही.

२७/
या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट हाती लागते. ‘मॅट्रिक की धंदा’ असा पर्याय ज्या ज्या वेळी समोर ठेवला गेला, त्या त्या वेळी लोकांनी मॅट्रिक निवडले, आणि त्यांच्या परिस्थितीत ते शहाणपणाचे होते. ज्या ठिकाणी हातांचे काम सर्वांना शिकवले गेले आणि पुढचा दरवाजा कोणालाही बंद केला गेला नाही, तेथे ते रुजले, मग ते साताऱ्याचे हायस्कूल असो वा पाबळचा आश्रम.

म्हणून यापुढे एखादी नवी योजना वाचाल तेव्हा तिला दोन प्रश्न विचारा. हे काम सर्व मुलांना शिकवले जाणार आहे, की काही मुलांना? आणि ते शिकलेल्या मुलाला पुढे महाविद्यालयात जायचे झाले, तर जाता येईल काय?

२८/
जोतीरावांनी १८८२ मध्ये या दोन्ही प्रश्नांची उत्तरे दिली होती. स्वतः बांधकामाचे ठेके घेणारा, शेती करणारा आणि शाळा चालवणारा तो माणूस होता. हातांच्या कामाची किंमत त्याला ठाऊक होती आणि मॅट्रिकचीही.

आपल्या घरात जुनी मॅट्रिक, तांत्रिक विद्यालय, एमसीव्हीसी किंवा ‘कमवा आणि शिका’ यांतून गेलेले कोणी असेल, तर त्यांना अवश्य विचारा : तो रस्ता तुम्ही निवडला होता, की तुमच्या वाट्याला आला होता? उत्तरे खाली लिहा. पुढच्या धाग्यात त्यांतूनच काही धागे उचलू.

धागा समाप्त.